दरापेक्षा लहर महाग

करमाळा तालुक्यातल्या कंदर, वांगी, चिखलठाण, केत्तूर या पट्ट्यातली केळी अमेरिकेत जात नाही. अमेरिका आपली केळी ग्वाटेमाला, इक्वेडोर, कोस्टारिका या जवळच्या देशांकडून घेते आणि पुढेही घेत राहील. उजनी धरणाच्या फुगवट्यावर वाढलेली जी-नाईन जातीची केळी खोक्यांत भरून, शीतकंटेनरमधून न्हावाशेवा बंदरात जाते आणि तिथून इराण, ओमान, इराक, दुबईकडे निघते. तरीही गेल्या वर्षभरात या गावांत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांइतकी चर्चा क्वचितच कुणा परदेशी माणसाची झाली असेल. टेंभुर्णीच्या चौकात, भिगवणच्या मासळी बाजारात, पॅकहाऊसच्या बाहेर गाडी भरायची वाट पाहत बसलेल्यांत, धरण किती टक्के प्लसमध्ये गेले यानंतरचा विषय ट्रम्प यांनी काल काय केले हा असतो. शहरातले लोक या गप्पांना करमणूक समजतात. ज्याच्या बांधाला धरणाचे पाणी लागते त्याने व्हाइट हाऊसची उठाठेव कशाला करावी, असा त्यांचा सूर. या गप्पांच्या मुळाशी एक खरा प्रश्न आहे आणि तो पुरता विचारला जात नाही, असे मला वाटते. सरकारच्या वागण्यातली महागडी गोष्ट कोणती, त्याने लावलेला दर की त्याची लहर? दर कितीही जाचक असला तरी तो आधी कळला तर शेतकरी त्याच्याशी जुळवून घेतो. लहरीशी जुळवून घेता येत नाही, कारण पीक शेतात महिनोन्‌महिने उभे राहते आणि लहर एका रात्रीत फिरते.

२०२५ च्या तारखा पाहू. २ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेने भारताच्या मालावर २६ टक्के शुल्क जाहीर केले. हा आकडा कसा काढला हे त्यांच्याच व्यापार कार्यालयाने प्रसिद्ध केले होते. भारताशी व्यापारात येणारी तूट घ्यायची, तिला भारतातून होणाऱ्या आयातीने भागायचे आणि उत्तर निम्मे करायचे. भारत प्रत्यक्षात कोणत्या वस्तूवर किती कर लावतो याचा त्या गणिताशी संबंध नव्हता. आपल्याकडच्या बारावीच्या मुलाने असे गणित मांडले असते तर मास्तरांनी रीत चुकली म्हणून गुण कापले असते. आठवडाभरात, ९ एप्रिलला, बहुतेक देशांसाठी नव्वद दिवसांची स्थगिती आली आणि सरसकट १० टक्के उरले. चीनवरचे शुल्क त्याच महिन्यात १४५ टक्क्यांपर्यंत चढले आणि मे महिन्यात ३० वर उतरले. भारतासाठी ७ ऑगस्टपासून २५ टक्के लागू झाले. त्याच्या आदल्याच दिवशी रशियाचे तेल घेतल्याची शिक्षा म्हणून आणखी २५ टक्क्यांचा आदेश निघाला आणि २७ ऑगस्टपासून एकूण ५० टक्के झाले. रशियाचे तेल भारतापेक्षा जास्त घेणाऱ्या चीनवर त्या कारणासाठी असे शुल्क लागले नाही. पाच महिन्यांत एका देशासाठी २६, १०, २५ आणि ५० असे चार आकडे झाले. सोलापूरच्या टेरी टॉवेलचा धागा यंत्रमागावर चढून माल अमेरिकेच्या दुकानात पोचेपर्यंत तेवढे महिने सहज जातात. म्हणजे ज्या दराने सौदा ठरला, ज्या दराने माल विणला, ज्या दराने जहाज निघाले आणि ज्या दराने ते धक्क्याला लागले, ते चारही वेगळे असू शकतात.

टॉवेलवाल्याचे माग निदान थांबवता येतात. केळीचे तसे नसते. ऊतीसंवर्धित रोपांची नोंदणी आगाऊ करावी लागते, लागवडीपासून घड काढणीला यायला दहा-अकरा महिने जातात, मग खोडवा. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने रानात असतो. डाळिंबाची बाग लावली की पहिल्या बहारासाठी दीड-दोन वर्षे कळ काढावी लागते. या पिकांचे निर्णय घेणारा माणूस स्वभावतः जुगारी नाही. आजचा भाव पाहून तो पुढच्या वर्षीचा अंदाज बांधतो, आणि तो अंदाज पाऊस, रोग, मजुरी, वीज यांवर आधारलेला असतो. या चारही गोष्टी बेभरवशाच्या आहेत, पण त्यांचा बेभरवसा त्याच्या ओळखीचा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेल्या पुराने करमाळा, माढा, मोहोळ भागांत उभी पिके नेली, तेव्हाही निसर्गाच्या या रूपाविषयी बोलायला लोकांजवळ शब्द होते, आठवणी होत्या, पंचनाम्याची वहिवाट होती. एखाद्या सरकारने दूर कुठेतरी सही केली म्हणून भाव पडला, तर त्याचा पंचनामा करायला तलाठी येत नाही.

आता केळीकडे परत येऊ, कारण अमेरिकेच्या धोरणाचा उजनीला लागणारा सर्वांत खोल धागा इराणमधून येतो. मे २०१८ मध्ये ट्रम्प यांनी इराणबरोबरच्या अणुकरारातून अमेरिकेला बाहेर काढले. तो करार २०१५ मध्ये अमेरिकेनेच इतर पाच देशांबरोबर केलेला होता. त्यानंतर निर्बंध परत आले, आणि मे २०१९ मध्ये भारताला तेल घेण्यासाठी मिळालेली सवलतही संपली. त्याआधी एक सोय चालत असे. भारत इराणचे तेल घेई, त्याचे पैसे यूको बँकेतल्या खात्यात रुपयांत जमा होत आणि त्याच रुपयांतून इराण भारताचा तांदूळ, चहा आणि इतर माल घेई. तेल थांबले तसे त्या खात्यात नवे पैसे यायचे थांबले आणि शिल्लक आटत गेली. अन्नधान्य आणि औषधे निर्बंधांतून वगळलेली आहेत, हे कागदावर खरे. पण अमेरिकेच्या रोषाला भिणारी बँक कागद वाचत बसत नाही, ती इराणचे नाव पाहिले की हात आखडते. मग पैसा आडवळणाने येतो, उशिरा येतो, मधल्या माणसांचे हात लागून येतो. १३ जून २०२५ रोजी इस्रायलने इराणवर हल्ले सुरू केले, २२ जूनला अमेरिकेने फोर्दो, नतान्झ आणि इस्फहान इथल्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, २४ तारखेला युद्धविराम झाला. भारताने ज्यात पैसे घातले त्या इराणच्या चाबहार बंदराला दिलेली सूट अमेरिकेने सप्टेंबरात काढून घेतली आणि महिनाअखेरीस संयुक्त राष्ट्रांचे जुने निर्बंधही इराणवर परत लागू झाले. जी केळी एकही अमेरिकन माणूस खाणार नाही, तिच्या खरेदीदाराचे बंदर, बँक आणि विमा हे सगळे वॉशिंग्टनच्या हातात आहे. करमाळ्याच्या केळीबागवाल्याने अमेरिकेच्या राजकारणावर मत ठेवणे हा आगाऊपणा नसून हिशेब आहे.

अमेरिकेच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. नियम तिथे असतो तेव्हा तो कडक असतो, पण आधी छापलेला असतो. भारतीय डाळिंबाला अमेरिकेची बाजारपेठ उघडली ती अनेक वर्षांच्या बोलण्यांनंतर. फळमाशीचा प्रश्न, विकिरणाची मात्रा, अमेरिकी निरीक्षकांच्या देखत वाशीच्या पणन मंडळाच्या केंद्रात प्रक्रिया, असे एकेक कलम ठरले. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने साठवणुकीचा काळ वाढवण्यावर काम केले आणि मार्च २०२५ मध्ये भगवा वाणाच्या डाळिंबांची पहिली समुद्रमार्गे खेप, चौदा टनांच्या आसपास, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोचली. विमानभाडे वाचले की डाळिंबाचे गणित बदलते, त्यामुळे ही लहान बातमी नव्हती. नंतर मे महिन्यात आंब्याच्या पंधरा खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा इथे अडवल्या गेल्या, कारण नवी मुंबईतल्या विकिरणाच्या कागदपत्रात त्रुटी सांगण्यात आली. माल परत आणण्यापेक्षा तिथेच नष्ट करणे स्वस्त म्हणून निर्यातदारांनी तो नष्ट होऊ दिला, आणि सुमारे पाच लाख डॉलर पाण्यात गेले. हा प्रसंग कटू आहे, तरी मी त्याला लहर म्हणणार नाही. तिथे फॉर्म ठरलेला होता, तो भरायची जबाबदारी ठरलेली होती, चूक कोणाची यावर वाद घालता येत होता. तशी चूक पुढच्या हंगामात टाळता येते. पण फळ सगळ्या परीक्षा उतरून धक्क्याला लागावे आणि त्या दिवशीचे शुल्क ५० टक्के निघावे, यात निर्यातदाराने काय सुधारायचे?

लहरीने वागणारा फक्त समोरच्याचे नुकसान करतो, असेही नाही, तो आपले गिऱ्हाईकही गमावतो. उजनीचे भूमिपूजन १९६६ मध्ये झाले. त्याच काळात देशात सलग दोन दुष्काळ पडले होते आणि पीएल ४८० या अमेरिकी कायद्याखाली आलेल्या गव्हावर शहरांचे रेशन चालत होते. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा करार टाळला आणि प्रत्येक महिन्याची जहाजे स्वतःच्या हातात ठेवली. व्हिएतनाम युद्धावर भारताने टीका केली की परवानगी लांबायची. त्या अपमानाने दिल्ली जी शिकली ती कुठल्या भाषणाने शिकली नसती. सी. सुब्रमण्यम यांनी त्याच वर्षी मेक्सिकोतून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे आणवले आणि काही वर्षांत भारत पीएल ४८० च्या गव्हाचे गिऱ्हाईक राहिला नाही. सोलापूर जिल्ह्यात १९७२ च्या दुष्काळातली लाल मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली त्यांना परक्या धान्याची चव वेगळी सांगावी लागत नाही. पुढच्याच वर्षी, जून १९७३ मध्ये, घरातले भाव चढले म्हणून निक्सन यांनी सोयाबीनच्या निर्यातीवर एकाएकी बंदी घातली. ती काही दिवसांचीच होती, नंतर परवान्यांवर माल सोडला गेला. पण जपानने तेवढ्यावरून धडा घेतला आणि ब्राझीलच्या सेराडो पठारावर सोयाबीन पिकवायला पैसा व तंत्र ओतले. आज सोयाबीनच्या निर्यातीत ब्राझील अमेरिकेच्या पुढे आहे. २०१८ च्या व्यापारयुद्धात चीन तिकडे वळला तेव्हा अमेरिकी सरकारला आपल्या शेतकऱ्यांना सुमारे २३ अब्ज डॉलर वाटावे लागले. २०२५ मध्ये मे महिन्यानंतर चीनने अमेरिकेचे नवे सोयाबीन घेणेच थांबवले आणि आयोवा, इलिनॉयमधली कोठारे सुगीच्या तोंडावर भरलेली राहिली. आयोवातल्या त्या शेतकऱ्याने बहुधा ट्रम्प यांनाच मत दिले असेल. कंदरच्या शेतकऱ्याला तेवढीही संधी नव्हती. पण दोघांच्या शेतमालाचे दुखणे एकच.

यावर पहिला आक्षेप असा येतो की आपल्या दारात कोणाच्या मालाला किती कर लावायचा हा सार्वभौम देशाचा अधिकार आहे, आणि भारत स्वतः शेतमालावर जगातल्या चढ्या शुल्कांत मोडणारे शुल्क लावतो, मग अमेरिकेला बोल लावायचा हक्क आपल्याला कुठून आला. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मी दराबद्दल तक्रार करत नाही. अमेरिकेने भारताच्या कापडावर पुढची दहा वर्षे २५ टक्के कर राहील असे जाहीर केले असते, तर सोलापूरच्या कारखानदाराला दुःख झाले असते आणि त्याने दुसरे गिऱ्हाईक शोधले असते. दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. ट्रम्प यांनी निवडणुकीत आयातशुल्क लावू असे उघड सांगितले होते, नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकांनी त्यांना निवडून दिले, मग हा जनतेचा कौल नाही का? कौल आहे, पण कौल मिळालेल्या माणसानेही ठरलेल्या वाटेने जायचे असते. अमेरिकेच्या राज्यघटनेत कर आणि आयातशुल्क लावायचा अधिकार पहिल्याच अनुच्छेदात काँग्रेसला दिलेला आहे. काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांना काही मर्यादित अधिकार दिले, त्यांतल्या काहींना चौकशीची, सुनावणीची अट आहे, एका कलमाला १५ टक्के आणि १५० दिवस अशी कमाल मर्यादा आहे. या सगळ्या वाटा बाजूला ठेवून १९७७ चा आणीबाणीतील आर्थिक अधिकारांचा कायदा वापरला गेला, कारण त्यात आणीबाणी जाहीर करणे एवढेच पुरते असा सरकारचा दावा होता. गंमत म्हणजे या दाव्याला आव्हान द्यायला सुरुवातीला कोणी बलाढ्य कंपनी पुढे आली नाही. न्यूयॉर्कचा एक दारू आयात करणारा छोटा व्यवसाय आणि त्याच्यासारखे काही लहान व्यापारी कोर्टात गेले. २८ मे २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने, आणि २९ ऑगस्टला अपील न्यायालयाने सात विरुद्ध चार मतांनी, हे शुल्क त्या कायद्यात बसत नाही असा निकाल दिला. त्यानंतरही शुल्क लगेच थांबले नाही, कारण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे ५ नोव्हेंबर २०२५ ला सुनावणी ठेवली गेली.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. लहर कामाला येते, जपान आणि युरोपीय संघ जुलै २०२५ मध्ये १५ टक्क्यांवर तयार झाले, म्हणजे धमकी फळली. फळली, हे मान्य. पण ज्याच्यापाशी उलट धमकी होती त्या चीनपुढे ती फळली नाही, आणि ज्यांनी मान तुकवली ते पुढच्या करारात कलमे लिहिताना आजची आठवण ठेवतील. सोयाबीनचा इतिहास पन्नासहून अधिक वर्षांचा आहे. धमकीचा फायदा त्याच वर्षाच्या ताळेबंदात दिसतो, तिची किंमत दुसऱ्याच कुणाच्या कारकिर्दीत चुकवावी लागते. राजकारण्याला म्हणूनच ती स्वस्त वाटते.

इथवर बहुतेक वाचकांची मान डोलेल. पुढच्या भागात ती तशीच डोलेल का, याची खात्री नाही. कारण हाच गज दिल्लीला लावला तर सोलापूरच्या शेतकऱ्याचे सर्वाधिक नुकसान करणारी लहर वॉशिंग्टनची ठरत नाही. सोलापूरची बाजार समिती कांद्याच्या मोठ्या बाजारांपैकी एक आहे. कांद्याची निर्यात २९ सप्टेंबर २०१९ ला बंद झाली. सुरू झाल्यावर १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंद झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क आले, ८ डिसेंबर २०२३ ला बंदी आली, लोकसभा निवडणुकीच्या मध्यावर ४ मे २०२४ ला बंदी उठून ५५० डॉलर किमान भाव आणि ४० टक्के शुल्क आले, सप्टेंबरात विधानसभेच्या तोंडावर शुल्क निम्मे झाले आणि १ एप्रिल २०२५ ला ते शून्य झाले. हे सगळे पाहिल्यावर ट्रम्प यांचे पाच महिने संथ वाटू लागतात. गव्हाचे तसेच. एप्रिल २०२२ मध्ये जगाला धान्य पुरवण्याची भाषा झाली आणि १३ मे रोजी निर्यात बंद. या सगळ्याच्या आधी, डिसेंबर २०१८ मध्ये, केंद्र सरकारनेच कृषी निर्यात धोरण आणले होते. त्यात व्यापारधोरण स्थिर ठेवण्याची भाषा आहे आणि प्रक्रिया केलेल्या व सेंद्रिय मालावर निर्यातबंदी येणार नाही असे आश्वासनही आहे. कच्चा कांदा त्या आश्वासनात बसत नव्हता, म्हणजे ज्याला सर्वाधिक गरज तोच बाहेर.

उजनीच्या काठाला याहून जवळचे उदाहरण उसाचे. बॅकवॉटर आणि कालवे मिळून माढा, करमाळा, इंदापूर हा उसाचा पट्टा झाला आणि केंद्रानेच सांगितले म्हणून कारखान्यांनी कर्जे काढून इथेनॉलचे प्रकल्प उभारले. २०२३ चा गळीत हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी सुरू झाला, ७ डिसेंबरला आदेश आला की उसाच्या रसापासून आणि पाकापासून इथेनॉल करायचे नाही. आठवड्याभरात, १५ डिसेंबरला, १७ लाख टन साखरेइतकी मर्यादा ठरवून थोडी सूट मिळाली. बंदी पूर्ण उठली ती २९ ऑगस्ट २०२४ ला, पुढच्या हंगामासाठी. साखर कमी पडेल ही भीती खोटी नव्हती, त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. पण पाऊस दगा देणार हे सप्टेंबरअखेर सगळ्या जिल्ह्याला दिसत होते. उजनी धरण त्या साली साठ टक्क्यांच्या पुढेमागेच अडकले आणि पुढच्या उन्हाळ्यात मृतसाठ्यात उतरून उणे साठपर्यंत गेले. ऑक्टोबरात सांगता आले असते ते डिसेंबरात, गव्हाणीत ऊस पडत असताना का सांगितले?

आणि एक लहर दुसरीला जन्म देते. अमेरिकेच्या ५० टक्क्यांची चाहूल लागताच केंद्राने १८ ऑगस्ट २०२५ ला कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क सप्टेंबरअखेरपर्यंत माफ केले आणि दहा दिवसांनी मुदत डिसेंबरपर्यंत वाढवली. सोलापूरच्या टॉवेलवाल्यांना दिलासा मिळाला असेल, आणि तो मिळू नये असे मी म्हणत नाही. पण त्या दिवशी विदर्भ-मराठवाड्यात कापसाला बोंडे धरत होती आणि पेरणी करताना कोणीही या माफीचा विचार केलेला नव्हता. वॉशिंग्टनने सोलापूरच्या मागावर टाकलेला भार दिल्लीने यवतमाळच्या शेतावर सरकवला. दिवाळीच्या तोंडावर तर लहान माणसांनाही झळ लागली. आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी अमेरिकेने २९ ऑगस्टपासून काढली, वसुलीची रीत कोणालाच स्पष्ट नव्हती, म्हणून भारतीय टपाल खात्याने आधीच अमेरिकेची पार्सले घेणे थांबवले. न्यू जर्सीतल्या लेकीला चकल्या-करंज्यांचा डबा धाडणाऱ्या आईला आंतरराष्ट्रीय व्यापारकायद्याचा परिचय असा झाला.

दिल्लीच्या बाजूने नेहमीचे उत्तर असे की शहरातल्या गरीब गिऱ्हाइकाला कांदा परवडला पाहिजे, आणि संकटात सरकारला झटपट निर्णय घ्यावेच लागतात. त्यासाठी धीर धरून सुनावण्या घ्यायच्या का? याचे उत्तर शोधायला लांब जायला नको, ते उजनी धरणापाशी भीमानगरला आहे. धरणात पुण्याकडून येवा वाढला की दरवाजे उघडायला कोणी ग्रामसभेचा ठराव मागत नाही, मागूही नये. तरी तो निर्णय लहरी नसतो. कोणत्या तारखेला पाण्याची पातळी किती ठेवायची याचे वेळापत्रक आधी ठरलेले असते, विसर्ग किती क्युसेकने वाढणार हे खालच्या गावांना आणि पंढरपूरला कळवले जाते, लोक नदीकाठच्या मोटारी वर ओढून घेतात. संकट अचानक येते, नियम अचानक येत नाही. कांद्याचा किरकोळ भाव अमुक रुपयांच्या पुढे सलग इतके आठवडे राहिला तर निर्यातीवर अमुक शुल्क लागेल, असे वर्षाच्या सुरुवातीला छापून ठेवले तर गरीब गिऱ्हाइकाचे संरक्षण तेवढेच होईल आणि शेतकऱ्याला लागवडीच्या दिवशीच आपली जोखीम कळेल. असे न करण्यामागे आर्थिक अडचण नाही. नियम आधी छापला की निवडणुकीच्या सोयीने तो फिरवता येत नाही, अडचण ती आहे.

दरवाजांच्या बाबतीत शिस्त असलेले हेच उजनी पाण्याच्या वाटपात मात्र लहरीचे जुने आगर आहे, हेही लपवण्यात अर्थ नाही. जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेतल्या गेल्या. राज्याचा पुनर्वसनाचा पहिला कायदा १९७६ चा, म्हणजे पाणी गावांत शिरू लागले तेव्हाचा. आधी उठा, कुठे बसायचे ते मग सांगतो, असा तो क्रम होता. पळसदेवचे जुने देऊळ कोरड्या वर्षी पाण्याबाहेर येते तेव्हा छायाचित्रकारांची गर्दी होते, त्या क्रमाची आठवण सहसा कोणी काढत नाही. पुढे धरणग्रस्तांनी फुगवट्यातून पाणी उचलून बागायत उभी केली. ११७ टीएमसीच्या धरणात ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा असल्याने धरण मायनसमध्ये गेले तरी या काठाला काही काळ पाणी दिसते. टंचाईत चाऱ्या खोदत, पाइप जोडत, मोटारी पाण्यामागे खाली नेत ते बाग जगवतात, आणि वीज किती तास मिळणार हे त्यांना ऐनवेळी कळते. एप्रिल २०२१ मध्ये उजनीतून इंदापूरसाठी ५ टीएमसी पाणी उचलण्याच्या योजनेला शासनाने चालना दिली. इंदापूरचे आमदार तेव्हा सोलापूरचे पालकमंत्री होते. सोलापूर जिल्हा पेटला आणि मे संपायच्या आत आदेश रद्द झाला. इंदापूरच्या कोरड्या गावांची मागणी योग्य होती की अयोग्य, हे त्या दोन्ही आदेशांवरून कळत नाही. पहिला काढताना खालच्या सिंचनावर काय परिणाम होईल याचा हिशेब लोकांपुढे मांडला गेला नाही, आणि दुसरा काढताना इंदापूरला काय द्यायचे याचा. सत्तेच्या जोराने आलेला आदेश गर्दीच्या जोराने गेला. आपल्याकडे हा लोकशाहीचा विजय मानला जातो. मला तो विजय वाटत नाही, कारण गर्दी जमवण्याची ताकद ज्याच्यापाशी नाही त्याला अशा लोकशाहीत जागाच नसते.

अमेरिकेकडे पाहून आपण घेण्यासारखे काही असेल तर ते राष्ट्राध्यक्षाच्या वागण्यात नाही, दारू आयात करणाऱ्या त्या छोट्या व्यापाऱ्याच्या वागण्यात आहे. त्याने मोर्चा काढला नाही, मंत्र्याची भेट मागितली नाही. हा अधिकार तुम्हाला कोणत्या कलमाने मिळाला, एवढेच विचारले आणि न्यायालयाला उत्तर द्यावे लागले. आपल्याकडे परदेशी व्यापाराचा कायदा १९९२ चा आहे आणि त्यात केंद्राला निर्यात रोखण्याचा अधिकार इतका सैल शब्दांत दिला आहे की हा प्रश्न विचारून फारसे हाती लागत नाही. मात्र एक फट २०२५ मध्ये उघडली आहे आणि तिची बातमी कंदरच्या पॅकहाऊसपर्यंत पोचलेली दिसत नाही. २ जानेवारी २०२५ रोजी विदेश व्यापार धोरणात १.०७ अ आणि १.०७ ब अशी दोन कलमे घालण्यात आली. आयात, निर्यात किंवा मालाच्या वाहतुकीविषयी धोरण ठरवताना वा बदलताना निर्यातदार, उत्पादक, संघटना यांचे म्हणणे मागवावे, आणि एखादी सूचना स्वीकारली नाही तर तिचे कारण कळवण्याची तजवीज असावी, असा त्यांचा आशय. शेवटी अर्थातच, सरकारला वाटले तर आपल्या अधिकारात याला अपवाद करता येईल, अशी पुस्ती जोडलेली आहे. कांदा, साखर, गहू यांचे निर्णय उद्या या पुस्तीतूनच निघतील हे ओळखायला ज्योतिषी नको. तरी अपवाद वापरला तर कारण लेखी द्या, मुदत सांगा आणि लागवड झालेल्या पिकाला तो त्या हंगामापुरता लावू नका, एवढी मागणी सोलापूरच्या केळी, कांदा, डाळिंब उत्पादक संघांना मिळून विदेश व्यापार महासंचालनालयाकडे करता येण्यासारखी आहे. साखरेच्या निर्यातीचा निर्णय गळीत हंगामागणिक नव्याने होतो. मागणीची सुरुवात त्या निर्णयापासून करता येईल.